दुहेरी, दुप्पट, जोडी की द्वि-? दोन भागांच्या वस्तूला मराठीत नेमकं काय म्हणायचं

भाषांतराच्या कामाला लागलो त्या पहिल्याच वर्षी एका परिपत्रकात मी लिहून बसलो होतो, 'सुट्टीच्या दिवशी काम केल्यास दुहेरी मोबदला मिळेल.' मुळात 'डबल' होतं, ते मी डोळे झाकून 'दुहेरी' केलं. परिपत्रक फलकावर लागलं आणि विचारणा सुरू झाली. दुहेरी म्हणजे कोणकोणता? पगार आणि वर बदली रजा? की पगार आणि भत्ता? वाचणाऱ्यांचं काही चुकत नव्हतं. दुहेरी मोबदला म्हणजे दोन प्रकारचा मोबदला, आणि मला म्हणायचं होतं दुप्पट. दुरुस्ती एकाच शब्दाची, पण नवं परिपत्रक काढावं लागलं आणि त्यापायी आलेला फोन मी अजून विसरलेलो नाही.

तेव्हापासून 'दोन'च्या शब्दांची एक वही ठेवली आहे. भाषांतर, मुद्रितशोधन, उपशीर्षकं, ॲपमधला मजकूर अशा कामात नव्याने पडणाऱ्यांना त्या वहीतलं जे उपयोगी पडेल ते इथे पायरीपायरीने देतो. सगळं एका दमात पाठ करायची गरज नाही. पहिल्या दोन पायऱ्या मात्र नीट वाचा, अर्ध्याहून जास्त चुका तिथेच होतात.

आधी जवळ काय असू द्यावं

- दोन कोश: मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश (दुसरी आवृत्ती १८५७ची) आणि दाते-कर्व्यांचा सात खंडांचा महाराष्ट्र शब्दकोश. दोन्ही महाजालावर शोधता येतात. अर्थाच्या छटा दाते-कर्व्यांत जास्त मिळतात. मोल्सवर्थ जुना आहे, त्यातला प्रत्येक अर्थ आज चालतोच असं धरू नका.
- काम शास्त्राचं किंवा कायद्याचं असेल तर त्या विषयाचा परिभाषा कोश. तिथे ठरलेली संज्ञा असेल तर आपलं डोकं चालवू नये.
- लेखन-प्रणालीतली 'शोधा आणि बदला' ही सोय. शेवटच्या पायरीला लागेल.
- सुई आणि हातभर दोरा. चेष्टा नाही, दुसऱ्या पायरीला खरंच लागतो.

१. वस्तू एक आहे की दोन, ते आधी ठरवा

शब्द शोधण्याआधी वस्तू मोजा. तीन शक्यता असतात: एकच वस्तू आणि तिला दोन भाग, दोन स्वतंत्र वस्तू, पण एकत्र वावरणाऱ्या, किंवा एकच वस्तू, पण मापाने दोनदा. पहिलीला दुहेरी, दुपदरी, द्विदल या घराण्यातले शब्द लागतात. दुसरीला जोडी, जोड, जुळं, युगुल. तिसरीला दुप्पट.

कात्री घ्या. दोन पाती, मध्ये एक खिळा. तरी मराठीत ती 'एक कात्री'. चष्म्याला दोन काचा, दोन काड्या, आणि तो एक चष्मा. चिमटा, पक्कड, अडकित्ता, विजार, सगळ्यांची हीच गोष्ट. इंग्रजी या वस्तूंना जोडी म्हणते, म्हणून यंत्राने केलेल्या भाषांतरात 'कात्रीची जोडी' आणि 'चष्म्याची एक जोडी' सर्रास दिसते. मराठी वाचणाऱ्याला कात्रीची जोडी म्हटलं की डोळ्यासमोर दोन कात्र्या येतात. 'कात्रीच्या दोन जोड्या द्या' म्हणालात तर हातात चार पडतील.

मी वापरतो ती कसोटी अशी: 'त्यातला एक हरवला' असं म्हणता येतं का? मोजा हरवतो, पायातला बूट हरवतो, कानातलं एक डूल हरवतं. म्हणून मोज्यांची जोडी, बुटांचा जोड, डुलांची जोडी. कात्रीतली एक कात्री हरवत नाही, हरवलंच तर पातं हरवेल. भागाला वेगळं नाव असेल (पातं, काच, काडी, पाय) तर वस्तू एक. भागाला आणि वस्तूला नाव तेच असेल (मोजा, मोजा) तर ती जोडी.

अपवाद आहेच. तबला. उजव्या हाताचा तोही तबला, आणि तो अधिक डग्गा मिळून जे होतं तोही तबला. त्यामुळे 'तबल्याची जोडी' म्हणणं बरोबर आणि 'तबला वाजवतो' म्हणणंही बरोबर. अशा ठिकाणी वाक्यात डग्ग्याचा उल्लेख असेल तर तबला म्हणजे एकटा उजवा, नसेल तर दोन्ही.

नावांनाही ही कसोटी लागू पडते. वनस्पती आणि प्राण्यांची शास्त्रीय नावं देण्याची जी पद्धत लिनियसने १७५३ मध्ये वनस्पतींसाठी सरसकट वापरली, तिला आपण द्विनाम पद्धती म्हणतो. आंबा म्हणजे मँजिफेरा इंडिका. पहिला शब्द प्रजातीचा, दुसरा जातीचा. नाव एकच, भाग दोन. एका भाषांतरात 'आंब्याला दोन शास्त्रीय नावे आहेत' असं वाचलं होतं. तसं म्हटलं की एखाद्याला उर्फ असावा तसा अर्थ होतो. 'दोन भागांचं नाव' म्हणा, बस.

माणसं दोन असली की मामला नाजूक. नवराबायको जोडपं. प्रेमात असले तर युगुल. दोन गायक, दोन संशोधक असे मानाने सांगायचे तर द्वय: गायकद्वय, बंधुद्वय. दोघं कायम बरोबर आणि जरा उपद्व्यापी असतील तर जोडगोळी. आणि चोऱ्या करत असतील तर दुक्कल. 'संशोधकांच्या दुक्कलीने लस शोधली' असं कुणी लिहिलं तर संशोधक पोलिसात जातील, किंवा पोलीस संशोधकांकडे.

२. दोरा घ्या आणि दुहेरी म्हणजे काय ते बघा

आता तो दोरा. सुईत ओवा, दोन्ही टोकं जुळवा आणि गाठ मारा. हा दुहेरी दोरा. दोरा अजूनही एकच आहे. तो स्वतःवर परत आला आहे, त्यामुळे जाडी दुप्पट झाली आणि लांबी निम्मी. दुहेरी आणि दुप्पट यांच्यातलं अंतर या एका गाठीत दिसतं: दुहेरी म्हणजे रचना, दुप्पट म्हणजे माप. कापड दुमडलं की दुहेरी होतं, पण ते मीटरभराचं दोन मीटर होत नाही.

आता दोन वेगळे दोरे घेऊन एकमेकांभोवती पीळ द्या. झाली दुपेडी दोरी. पेड म्हणजे पिळातला एकेक धागा, म्हणून तिपेडी वेणी. आणि दोन पट्टे नुसते शेजारी शेजारी किंवा एकावर एक ठेवले तर दुपदरी, कारण पदर म्हणजे थर किंवा पट्टा. १९५३ मध्ये वॉटसन आणि क्रिक यांनी डीएनएची जी रचना मांडली तिला मराठीत दुहेरी सर्पिल म्हणतात. तो शब्द आता रुळला आहे, बदलायला जाऊ नका. पण दोऱ्याच्या हिशोबाने पाहिलं तर ती चक्क दुपेडी आहे, आणि पहिल्यांदा कुणी तसं म्हटलं असतं तर शाळेतल्या पोरांना आकृती न काढता कळलं असतं असं मला आपलं वाटतं.

दुहेरीचा जोडीदार शब्द एकेरी. दोन्ही बरोबर ठेवून पाहिले की दुहेरीचा अर्थ आणखी पक्का होतो. एकेरी अवतरणचिन्ह, दुहेरी अवतरणचिन्ह. एकेरी वाहतूक, दुहेरी वाहतूक. एकेरी बांध्याचा माणूस म्हणजे सडपातळ, दुहेरी हाडाचा म्हणजे आडवा, मजबूत. बॅडमिंटनमध्ये पुरुष एकेरी, महिला एकेरी, पुरुष दुहेरी, महिला दुहेरी आणि मिश्र दुहेरी असे ५ प्रकार असतात, आणि तिथली भाषा किती चोख आहे बघा: सामना दुहेरी, पण खेळाडूंची जोडी. 'दुहेरी खेळाडू' कुणी म्हणत नाही आणि 'जोडी सामना'ही नाही.

एका जागी मात्र ही जोडी फुटते. 'एकेरी उल्लेख' म्हणजे एखाद्याला अरेतुरे करणं. त्याचा विरुद्ध 'दुहेरी उल्लेख' नव्हे, 'आदरार्थी उल्लेख'. उपशीर्षकं करणाऱ्या एका नवख्या मुलीने हे खरंच केलं होतं, आणि तिचा तर्क ऐकून मला क्षणभर तीच बरोबर वाटली.

रस्त्यांच्या मजकुरात हमखास घोळ होतो, म्हणून तो वेगळा सांगतो. दुपदरी म्हणजे दोन पट्टे, दुहेरी म्हणजे दोन दिशा. त्यामुळे दुपदरी रस्ता एकेरी असू शकतो: दोन पट्टे आहेत, पण दोन्हींवरून गाड्या एकाच बाजूला जातात. 'दुपदरी एकेरी मार्ग' हे वाक्य वेडगळ दिसतं, पण शंभर टक्के बरोबर आहे. तपासणाऱ्याने त्यावर लाल रेघ मारली तर शांतपणे समजावून सांगा. दुतर्फा हा तिसराच शब्द: तो रस्त्याच्या दोन्ही कडांबद्दल बोलतो. दुतर्फा झाडं, दुतर्फा गर्दी. रेल्वेत दुहेरीकरण म्हणजे एका रुळमार्गाशेजारी दुसरा टाकणं, आणि रस्त्यात चौपदरीकरण. तिथे 'रस्त्याचं दुहेरीकरण' लिहू नका.

हिशोबातला दुहेरीही बघून ठेवा. जमाखर्चाची जी पद्धत १४९४ मध्ये लुका पाचोली याने व्हेनिसमध्ये छापलेल्या पुस्तकात मांडून दाखवली, ती दुहेरी नोंद पद्धत. व्यवहार एकच, पण एका खात्यात नावे आणि दुसऱ्या खात्यात जमा. रक्कम दुप्पट होत नाही. दोऱ्याची गाठच ती.

दुप्पटबद्दल दोन गोष्टी सांगून पुढे जातो. एक, विभक्ती लागली की मधला जोड सुटतो: दुप्पट, पण दुपटीने. दोन, 'दुपटीने वाढले' हे वाक्य मी आता लिहीतच नाही. १०० चे २०० झाले की आपण म्हणतो दुपटीने वाढले. काटेकोर माणूस म्हणेल, वाढ दुप्पट, म्हणजे २०० ची, म्हणजे एकूण ३००. करारात किंवा दरपत्रकात यावरून भांडण होऊ शकतं. 'दुप्पट झाले' लिहा, नाहीतर सरळ दोन्ही आकडे द्या.

३. 'द्वि-' लावायचा की 'दु-', ते मागच्या शब्दाला विचारा

साधारण नियम असा की संस्कृत शब्दाला द्वि- लागतो, मराठीत घडलेल्या किंवा घोटून गुळगुळीत झालेल्या शब्दाला दु-. म्हणून द्विचक्री पण दुचाकी. द्विस्तरीय पण दुमजली. द्विपक्षीय करार, द्विसदनी संसद, द्विमितीय आकृती एका बाजूला. दुपाखी छप्पर, दुनळी बंदूक, दुधारी तलवार दुसऱ्या बाजूला. 'द्विचाकी' आणि 'द्विमजली' वाचताना जीभ अडखळते ती उगाच नाही.

उलटं केलं तर काही वेळा अर्थच पालटतो. 'दोन स्तरांचा' या अर्थाने कुणी 'दुस्तर' केलं तर तो शब्द भाषेत आधीच आहे, आणि त्याचा अर्थ पार करायला कठीण असा आहे.

अपवाद: द्विनोंदी. नोंद हा शब्द संस्कृत नाही, तरी जमाखर्चाच्या पुस्तकांत द्विनोंदी पद्धती पक्की बसली आहे. संज्ञा म्हणून रुळलेल्या शब्दाशी वाद घालू नये. तिथे परिभाषा कोशाचं ऐका.

एकाच मुळातून दोन्ही रूपं चालतात, पण वेगवेगळ्या कामाला, अशाही जागा आहेत. दुभाषी किंवा दुभाष्या म्हणजे माणूस, एकाचं बोलणं दुसऱ्याला समजावून सांगणारा. द्विभाषिक म्हणजे दोन भाषांचं काहीही: कोश, फलक, किंवा १९५६ ते १९६० मधलं द्विभाषिक मुंबई राज्य. राज्याला दुभाषी म्हटलं तर हसू येईल. तसंच द्विपदी. गणितात ती दोन पदांची राशी, कवितेत दोन ओळींची रचना. विषय बघूनच पुढचं वाक्य लिहा.

द्विदल हा माझा आवडता. दल म्हणजे शकल, अर्धुक, पान. ज्या दाण्याची सहज दोन शकलं होतात तो द्विदल. आणि दोन दलं सारखीच दिसतात, म्हणून नवशिक्याला वाटतं द्वि- म्हणजे समान दोन भाग. तसं नाही. द्विसदनी संसदेतली दोन सभागृहं सारख्या आकाराची नसतात. द्वि- फक्त मोजतो, तोलत नाही. समान भाग म्हणायचे तर निम्मे, समद्विभाग असं काही स्पष्ट लिहावं लागतं. भूमितीतले कोनदुभाजक आणि लंबदुभाजक तेवढे खरोखर बरोबर मधून जातात, रस्त्यावरच्या दुभाजकाकडून ती अपेक्षा ठेवू नका.

४. दिसला 'दु' की तो दोनचाच, असं समजू नका

ही पायरी शब्दांच्या व्युत्पत्तीवर लिहिणाऱ्यांनी आणि शिक्षकांनी जास्त जपावी. दुबळा हा दुर्बलवरून आला, त्यात दोन कुठेच नाही. दुष्काळ, दुर्गम, दुर्मिळ यांतला दु म्हणजे वाईट किंवा कठीण. दुकान, दुनिया हे बाहेरून आले. दुभती म्हैस दूध देते म्हणून दुभती, आणि दुभंगलेली भिंत मात्र खरंच दोन झालेली.

याउलट जिथे दोन दिसत नाही तिथे तो लपलेला असतो. दुपार म्हणजे दोन प्रहर. बारा हा द्वादशचा नातू, बावीस आणि बत्तीस त्याच घरातले. द्व झिजत झिजत ब झाला. पाढ्यातला 'बे दुणे चार' घोकताना आपण एका दमात दोनदा दोन म्हणतो आणि लक्षातही येत नाही. पण म्हणून बेकार, बेजबाबदार यांत दोन शोधू नका, तो बे म्हणजे 'शिवाय', आणि तो फारसीतून आला.

दुय्यमही फारसीतूनच आला. मुळात फक्त 'दुसरा'. दुय्यम निबंधक या पदनामात तेवढाच अर्थ आहे, कमीपणा नाही. 'दुय्यम वागणूक' म्हणताना कमीपणा येतो. भाषांतरात कुणाच्या पदनामापुढे दुय्यम लावण्याआधी ते पद तसं अधिकृत आहे का ते बघून घ्या.

५. 'डबल' समोर आला की हात थांबवा

माझ्या परिपत्रकाचं खापर खरं तर या एका शब्दावर फोडायला हवं. बोलताना आपण 'डबल' म्हणतो आणि त्यात दुहेरी, दुप्पट, दुबार, दोनदा, मोठा, सगळं कोंबतो. लिहिताना ते सुटं करावं लागतं. डबल दिसला की स्वतःला विचारा: रचना, माप की खेप?

रचना असेल तर दुहेरी. माप असेल तर दुप्पट. खेप असेल तर दोनदा किंवा दुबार. म्हणजे 'डबल क्लिक करा' याचं 'दुहेरी क्लिक करा' होत नाही, 'दोनदा क्लिक करा' होतं. यादीत एकच नाव दोन ठिकाणी असेल तर ते दुबार नाव. पाऊस फसला की करावी लागते ती दुबार पेरणी. आणि 'डबल चेक करा' असं कुणी म्हणालं तर बहुतेक वेळा त्याला 'पुन्हा एकदा बघून घ्या' एवढंच म्हणायचं असतं, तिथे 'दुहेरी तपासणी' लिहून उगाच दोन तपासनीस उभे करू नका. दोन वेगळ्या माणसांनी तपासायचं असेल तर मात्र दुहेरी तपासणीच.

डबल मीनिंगला द्व्यर्थी. यात द, व, य असे तीन व्यंजनं एकत्र येतात आणि लोक घाबरून 'द्विअर्थी' लिहितात. चालतं, पण संधी केलेलं रूप दिसायलाही ठसठशीत आहे.

काही डबल तसेच राहू द्या. डबल बेडला 'दुहेरी पलंग' म्हटलं की वाचणारा त्यात दोन मजले शोधतो.

ॲपचं भाषांतर करणाऱ्यांसाठी एक गंमत. आधी पासवर्ड, मग मोबाइलवर आलेला आकडा, अशी दोन टप्प्यांत ओळख पटवण्याची सोय असते. टप्पा हा मराठी शब्द, म्हणजे तिसऱ्या पायरीतल्या नियमाने दु- लागायला हवा. तर होतं काय? 'दुटप्पी पडताळणी'. नियम पाळला आणि बँकेला ढोंगी ठरवून मोकळे झालो. इथे 'दोन टप्प्यांची पडताळणी' किंवा 'द्विस्तरीय पडताळणी' लिहायची, आणि नियम गुपचूप खिशात घालायचा.

६. शब्दाला वास आहे का ते बघा

दु- ने सुरू होणाऱ्या बऱ्याच शब्दांना वाईट वास आहे. दुटप्पी, दुतोंडी, दुजाभाव, दुफळी. दोन असणं म्हणजे फुटलेलं किंवा खोटं, असं भाषेने केव्हातरी ठरवून टाकलेलं दिसतं. बिचारं मांडूळ: शेपूट बोथट, तोंडासारखी दिसते, एवढ्यावरून त्याला दुतोंडी केलं. तोंड त्याला एकच आहे.

दुहेरी स्वतः निर्गंध आहे, पण शेजारचं क्रियापद त्याला वास लावतं. 'तिने दुहेरी भूमिका केली', म्हणजे चित्रपटात दोन पात्रं. 'तिने दुहेरी भूमिका निभावली', म्हणजे आई आणि नोकरी, कौतुक. 'तिने दुहेरी भूमिका घेतली', आणि लगेच ती दोन्ही दगडांवर पाय ठेवणारी झाली. शब्द तेच, क्रियापदाने खेळ केला. बातम्यांच्या भाषांतरात ही जागा दोनदा वाचा. आरोप करायचाच असेल तर 'दुटप्पी' लिहावं, नसेल तर क्रियापद बदलावं.

दुमत हा मात्र फक्त नकारातच रमतो. 'यात दुमत नाही' सगळे म्हणतात, 'यात दुमत आहे' क्वचित कुणी. त्याऐवजी 'मतभेद आहेत' किंवा 'दोन मतं आहेत' बरं वाटतं.

७. काळाचे शब्द उलटे वाचले जातात

द्वैमासिक म्हणजे दर दोन महिन्यांनी. महिन्यातून दोनदा निघतं ते पाक्षिक. द्वैवार्षिक म्हणजे दर दोन वर्षांनी: राज्यसभेचे एकतृतीयांश सदस्य दर २ वर्षांनी निवृत्त होतात, म्हणून त्या जागांची निवडणूक द्वैवार्षिक. वर्षातून दोनदा होणारं ते सहामाही किंवा अर्धवार्षिक. परीक्षेच्या किंवा हप्त्याच्या मजकुरात हे उलटं झालं तर लोकांचे पैसे अडकतात. शंका असेल तर 'दर दोन वर्षांनी' लिहा, त्याने कुणाचं अडत नाही.

८. शेवटी टंकन तपासा

द्व हे जोडाक्षर. आधी द अर्धा, मग व पूर्ण. बोलतानाही द आधी येतो. तरी 'व्दारे', 'व्दितीय', 'विव्दान' सगळीकडे दिसतं. छापलेल्या द्व मध्ये व द च्या पोटाखाली लटकतो आणि डोळा फसतो, म्हणून बोटं क्रम उलटा करतात. काम संपलं की 'शोधा' मध्ये नुसतं 'व्द' घाला. जे सापडेल ते चुकलेलंच असणार, मला आजवर याला अपवाद भेटलेला नाही. शब्द, अब्द यांत ब्द आहे, त्यामुळे ते मध्ये येणार नाहीत.

मग 'द्वी' शोधा. द्वि- ऱ्हस्व, नेहमी: द्वितीय, द्विदल, द्विधा. दीर्घ ई दिसली तर दुरुस्त करा. पण एका दमात सगळं बदलून टाकू नका, कारण द्वीप दीर्घच आहे. द्वि आणि अप्, म्हणजे पाणी, यांचा संधी होताना तिथे ई दीर्घ झाली. दोन्हीकडे पाणी असलेली जागा ती द्वीप. ऱ्हस्व 'द्विप' हाही शब्द आहे, आणि त्याचा अर्थ हत्ती: सोंडेने आणि तोंडाने असं दोनदा पितो म्हणून. मी एकदा 'सगळे बदला' दाबून प्रवासवर्णनातला अख्खा द्वीपसमूह हत्तींचा कळप करून ठेवला होता. छपाईला जायच्या आदल्या संध्याकाळी ते लक्षात आलं. तेव्हापासून एकेक सापडलेला शब्द डोळ्यांनी बघूनच बदलतो.